बेचाळीस जणांना दिलेली चावी

एका गुरुवारी सकाळी, डाव्या हातात पोह्यांची बशी धरून, उजव्या हाताच्या अंगठ्याने मी आमच्या घराची चावी बेचाळीस लोकांना वाटून टाकली. खाली हात जोडलेलं चित्रही टाकलं. चौघांनी अंगठा दाखवला, एकाने कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक पाठवला, बाकीच्यांनी नुसतं पाहिलं. मी पोहे संपवले, बशी धुतली (हे सांगितलंच पाहिजे) आणि कामाला गेलो. आपल्या हातून काहीतरी झालंय हे कळायला मला सतरा दिवस लागले.

चावी पितळेची नव्हती. ती एक फाइल होती. उघडली तर अर्थ लागू नये अशा इंग्रजी अक्षरांच्या पाच-पंचवीस ओळी. पण ती ज्याच्याकडे असेल त्याला जगात कुठूनही आमच्या डब्यात शिरता येणार होतं.

डबा म्हणजे आमच्या टीव्हीशेजारी ठेवलेलं एक काळं यंत्र. पावाच्या दोन लाद्या उभ्या ठेवाव्यात एवढं. आत दोन डिस्क, मागे पंखा, आणि राउटरकडे जाणारी एक निळी वायर. घरातले फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ, सगळं त्यात. मुलगी त्याला सर्व्हर म्हणते. मी डबा म्हणतो. बायको ‘तुमचं ते’ म्हणते. पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं झाकण घातलं, डबा तापून कोकलायला लागला, आणि बंगळुरूहून मुलीने फोनवर ते झाकण काढायला लावलं. तेव्हापासून बायकोने त्याला हात लावला नाही. म्हणजे मी लावू दिला नाही, असं आता वाटतं.

डबा आणला होता मात्र तिच्यासाठीच. आमची चाळ लालबागची, चार मजली, चौसष्ट खोल्यांची. ती पाडायचं ठरलं आणि सगळ्यांना खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा आल्या, तेव्हा शेवटचे पंधरा दिवस आमची ही फोन घेऊन एकेका खोलीत जात होती. नुसते फोटो नाही, व्हिडिओ. मोरी, माळा, भांड्यांची मांडणी, खिडकीतून दिसणारं गिरणीचं धुराडं, आणि त्या खोलीतली माणसं जे बोलतील ते. फोटोत आवाज येत नाही, म्हणायची. मी तेव्हा ट्रंका भरत होतो. तिला म्हणालो, लग्नाचं शूटिंग आहे काय. तिने माझाही व्हिडिओ घेतला. त्यात मी ट्रंकेवर बसून, ती लागत नाही म्हणून, ट्रंकेला जे बोलतोय ते चारचौघांत दाखवण्यासारखं नाही.

चाळ गेली. आम्ही परळला भाड्याच्या घरात आलो. कुणी विरारला गेलं, कुणी डोंबिवलीला, कुणी शिवडीच्या संक्रमण इमारतीत. पुढे हिचा तो फोन दादरच्या मासळी बाजारात बर्फाच्या पाण्याच्या टबात पडला आणि पुन्हा काही बोलला नाही. म्हणजे चौसष्ट व्हिडिओ राहिले ते फक्त डब्यात. मी तिला सांगितलं, घाबरू नकोस, दोन डिस्क आहेत, दोन्हीत तेच आहे. मुलगी म्हणाली होती, बाबा, ती दुसरी डिस्क म्हणजे आरसा आहे. इकडचं पुसलं की तिकडचंही पुसलं जातं, तिसरी प्रत दुसरीकडे ठेव. मी हो म्हणालो. डॉक्टर चालायला सांगतात तेव्हाही मी हो म्हणतो.

आता चावीचं. गणपतीच्या आधीच्या रविवारी चाळीतल्या सगळ्यांनी लालबागमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचं ठरलं होतं. पडद्यावर हिचे व्हिडिओ लावायचे, हाच मुख्य कार्यक्रम. त्यासाठी व्हॉट्सअॅपवर एक गट झाला, बेचाळीस पुरुषांचा. प्रत्येकाकडे जुने फोटो होते आणि ते गटावर टाकले की पुसट होत होते. तेव्हा मी म्हणालो, सरळ माझ्या डब्यातच आणून टाका.

हे म्हणायची खुमखुमी कुठून आली तेही सांगतो. मुलीने मला दिवाळीत एसएसएच शिकवलं होतं. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची, त्यात पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा, आणि घरचा डबा तो मानतो, तुम्ही कुठेही असा. मी फोर्टमधल्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळतो. तीस वर्षांत माझा हुकूम कुणी मानल्याचं मला आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत काळी खिडकी उघडून मी परळच्या डब्याला विचारायचो, किती भरलायस? तो लगेच सांगायचा. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणायच्या, साहेब शेअर बाजारात शिरले वाटतं. मी गूढ हसायचो.

मुलीने नियमही सांगितले होते. प्रत्येकाने आपल्या यंत्रावर चावीची जोडी करायची. त्यातली एक उघडी, ती तुला पाठवायची आणि तू डब्यात घालायची. दुसरी खासगी, ती ज्याची त्याने स्वतःकडे ठेवायची, आईलासुद्धा द्यायची नाही. प्रत्येकाला वेगळं खातं, त्याला लागेल तेवढेच अधिकार. नुसत्या पासवर्डने आत येण्याची सोय बंद. आणि चावीलाही आणखी एक परवलीचं वाक्य लाव.

बेचाळीस जणांना जोड्या करायला कोण शिकवणार? मी एकच जोडी केली. उघडी अर्धी डब्यात घातली, माझ्याच खात्याखाली, ज्याला सगळे अधिकार आहेत. परवलीचं वाक्य लावू का, असं यंत्राने दोनदा विचारलं, मी दोनदा एंटर दाबलं. आणि खासगी अर्धी, पोहे खाता खाता, गटावर टाकली. वर लिहिलं: ‘ही चावी सगळ्यांनी जपून ठेवावी.’ खाली आत कसं यायचं याची आठ कलमी सूचना.

यात माझ्या अकलेइतकाच चाळीचाही दोष आहे. आमच्याकडे चावी स्वतःजवळ ठेवायची पद्धतच नव्हती. आई बाजारात निघाली की चावी समोरच्या दाराच्या खिळ्यावर. पाहुणे आले तर समोरचे उठून कुलूप काढायचे, पाहुणे चहा करून प्यायचे, आई आली की तिलाही अर्धा कप मिळायचा. दिवसाढवळ्या दार बंद दिसलं तर आत भांडण आहे किंवा कुणी आजारी आहे, एवढंच त्याचं कारण असू शकायचं. आणि मग काळजीने चार जण ते दार ठोठावायचे. अशा ठिकाणी पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला चावी बेचाळीस जणांकडे आहे याचं भय वाटत नाही. उलट आधार वाटतो.

त्यानंतर कुणीही एकही फोटो डब्यात आणून टाकला नाही. मला थोडं लागलं. आठही कलमं मी फार मेहनतीने लिहिली होती.

सतराव्या दिवशी रविवार होता. संमेलनाला बरोबर आठवडा राहिला होता. सकाळी मुलीचा फोन आला, आणि बोलता बोलता तिने सहज विचारलं की बाबा, लॉग बघतोस ना? मी म्हणालो, रोज. लॉग म्हणजे कोण कधी दारात आलं, आत आलं की परत गेलं, याची डब्याने ठेवलेली नोंद. मी ती एकदाही उघडली नव्हती. फोन ठेवल्यावर मन खायला लागलं, म्हणून उघडली.

चहा हातात होता. तो तसाच राहिला.

दर दोन-तीन सेकंदांना एक ओळ. कुणीतरी दारात आलंय, काहीतरी नाव सांगतंय, पासवर्ड चुकला, परत गेलंय. पुन्हा तेच. अॅडमिन म्हणून, टेस्ट म्हणून, गेस्ट म्हणून. मी पडदा वर सरकवत राहिलो आणि ते संपेना. कालचं, परवाचं, मागच्या आठवड्याचं. आम्ही जेवत होतो तेव्हा, झोपलो होतो तेव्हा, सत्यनारायणाला गेलो होतो तेव्हाही. तीस वर्षं आवक रजिस्टर सांभाळलेला माणूस म्हणून सांगतो, अशी आवक मी पाहिलेली नाही. लालबागमध्ये गणपतीत रात्रंदिवस सरकत नसलेली रांग मी लहानपणापासून पाहतोय, पण ती माणसं देवासमोर हात जोडायला उभी असतात. ही रांग आमच्या टीव्हीशेजारच्या डब्याचं कुलूप हलवून बघत होती. आणि मी त्याच्या समोर बसून मालिका पाहत होतो.

मी हिला हाक मारली. ती नारळ खवत होती, तशीच आली. मी पडदा दाखवला आणि जगभरातून लोक आपल्या घरात शिरायला बघतायत, असं काहीतरी म्हणालो. माझा आवाज चिरका लागला असावा, कारण तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे.

“यातला एक तरी आत आला का?” तिने विचारलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शोधलं. पासवर्डने कुणीच आत आलं नव्हतं. पण एक वेगळी ओळ होती: चावी दाखवली, चावी बरोबर, प्रवेश दिला. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटं. गेला चार वाजता. दुसऱ्या दिवशी पुन्हा, दोन वाजून आठ मिनिटं. तिसऱ्या दिवशी. रोज. गेले सोळा दिवस कुणीतरी दुपारी दोनच्या सुमाराला माझ्या घरात येत होतं, दोन तास थांबत होतं, आणि चारला निघून जात होतं. माझ्याच नावाने.

“काय करत होता आत?” ती म्हणाली. आणि मग लगेच, “माझे व्हिडिओ बघा आधी.”

मी काळ्या खिडकीतून तिचं फोल्डर उघडलं. तिथे पूर्वी फोनने आपोआप दिलेली नावं होती, व्हीआयडी आणि पुढे लांबलचक आकडे, चौसष्ट ओळी. त्या ओळी गेल्या होत्या. त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. प्रश्नचिन्हांच्या लांब लांब ओळी, मध्येच एखादी आडवी रेघ, पुन्हा प्रश्नचिन्हं. सगळ्यात खाली एकच जुनं नाव शिल्लक.

मुलीने मागे एकदा सांगितलं होतं की हल्ली चोर काही नेत नाहीत. आत येतात, तुमच्या फायलींना आपलं कुलूप लावतात, नावंसुद्धा ओळखू येत नाहीत, आणि मग खंडणी मागतात. मला ते आठवलं. मी मटकन खाली फरशीवर बसलो. खुर्ची शेजारीच होती.

ही चेहऱ्यावरून समजली. सोफ्याच्या कडेवर बसली, हाताला खोबरं लागलेलं तसंच. म्हणाली, “त्यातली सात माणसं आता नाहीत.”

मी हिच्या नव्या फोनवरून मुलीला पुन्हा फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, चावी कुणाला दिली होतीस?”

“गटावर.”

“कुठली? उघडी ना?”

मी डब्याकडे पाहिलं.

“बाबा.”

“खासगी,” मी म्हणालो.

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ऑपरेशन चालवणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात एकेक सांगू लागली. डबा बंद करू नकोस. राउटरमधून बाहेरचा रस्ता बंद कर. नुसत्या पासवर्डने येण्याची सोय काढ. नवी चावी कर, ती घाल, दुसऱ्या खिडकीतून आत येता येतंय का बघ. मग जुनी चावी काढ, आणि मगच पहिली खिडकी बंद कर. मी सगळं केलं, त्यात दुपारचे दोन वाजले. फक्त क्रम चुकला. पासवर्डची सोय काढली, जुनी चावी काढली, आणि सुटलो एकदाचा म्हणून खिडकी बंद केली. नवी चावी घालायची राहिली. आता जगभरातली रांगही बाहेर आणि मीही बाहेर. डबा टीव्हीशेजारी मख्खपणे घरघरत होता आणि मला ओळख दाखवत नव्हता.

मुलगी म्हणाली की घाबरू नकोस, घरातल्या घरात ब्राउझरमधून त्याचं पान उघडतं, तिथून जाऊ, पण आधी पाणी पी. मी पाणी न पिता संशयित मोजायला लागलो. गटातला एक जण, ज्याच्याशी कॅरमच्या राणीवरून माझं वीस वर्षं बोलणं नव्हतं. दुसरा, ज्याचा भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तिसरा, ज्याने माझ्या सूचनेला सगळ्यात आधी अंगठा दाखवला होता. एवढ्या लांब सूचनेला विनाकारण अंगठा कोण दाखवतं? मी गटावर लिहायला घेतलं: ‘ज्या कुणी चाळीच्या आठवणींवर हात टाकला आहे त्याने लक्षात ठेवावे...’ हिने फोन माझ्या हातातून काढून घेतला. तिने तो काढून घेतला नसता तर आज लालबागच्या गल्लीतून मला तोंड लपवून जावं लागलं असतं.

तेवढ्यात तिच्या हातातच तो वाजला. घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. आमच्या चाळीतले समोरच्या खोलीतले काका. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“अरे,” काका म्हणाले, “दार लावलंस काय रे?”

मला वाटलं ते खाली आलेत आणि वॉचमन सोडत नाही. म्हणालो, काका, लिफ्टने सातव्या मजल्यावर या, वॉचमनला सांगतो.

“खाली नाय रे. डब्याचा म्हणतंय मी. आज चावी लागणा नाय.”

मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. दुसऱ्या फोनवर बंगळुरूही कान देऊन होतं.

काका एकोणऐंशी वर्षांचे. टेलिफोनच्या केबली जोडण्यात सगळी नोकरी गेली, हात अजून स्थिर. चाळीत रोज दुपारी दोनला जेवण झालं की ते आमच्या खोलीत यायचे, कारण त्यांच्याकडे काकी झोपायच्या आणि पेपरचा आवाज त्यांना चालायचा नाही. आमच्याकडे पेपर वाचायचे, आणि वाचून झाला की काहीबाही नीट करायचे. घड्याळाला चावी द्यायचे, सैल झालेला खिळा ठोकायचे, मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायचे. चारला काकींची हाक आली की जायचे. हे इतकी वर्षं चाललं की ते येतात असं आम्हाला वाटायचंच नाही. चाळ सुटली, काका-काकी शिवडीला अकराव्या मजल्यावर गेले, आणि चार महिन्यांत काकी गेल्या. मुलगा परदेशात; त्याने एक लॅपटॉप पाठवून दिला होता.

बेचाळीस जणांत माझी आठ कलमं एका माणसाने वाचली होती.

मी विचारलं, काका, तुम्ही रोज आत येत होता? ते म्हणाले, मग, तूच चावी दिलंस ना, जपून ठेवा म्हणून. त्यांच्या आवाजात चोरटेपणा शोधूनही सापडला नाही. पहिल्या दिवशी ते नुसते बघायला आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की व्हिडिओंना नावं नाहीत.

“नुसते आकडे रे सगळे. धा वर्सांनी कोणाक कळतला, खंयची खोली कोणाची ती? तुझ्या पोरीक तरी कळतला? म्हणान नावां घातलंय. रोज चार-पाच.”

“मराठीत?” दुसऱ्या फोनमधून मुलीने विचारलं.

“मग काय इंग्रजीत?” काका म्हणाले.

तिकडे मुलगी हसत सुटली. हसता हसता तिने सांगितलं की माझ्या त्या काळ्या खिडकीला मराठी अक्षरं दाखवायला मीच कधी शिकवलेलं नाही. जे अक्षर तिला ओळखता येत नाही त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह टाकते. म्हणजे मी ज्याला खंडणीखोर समजून फरशीवर बसलो होतो, ती आमची देवनागरी होती.

मुलीने ब्राउझरमधून डब्याचं पान उघडून दिलं, आणि हिने पुढे होऊन लॅपटॉप आपल्याकडे वळवला. नावं होती. सगळी नीट, एका ठशाची, खोलीच्या क्रमाने. काकांनी माणसांची नावंही घातली होती, ती मी इथे देत नाही. पण नावापुढे प्रत्येक खोलीची एकेक ओळ होती. हिने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खोली सात, भिंतीवर गिरणीच्या पाळ्यांचं वेळापत्रक अजून तसंच. खोली एकोणीस, इथे बाळंतपण झालं, डॉक्टर नंतर आला. खोली बावीस, तीन भाऊ, दोन चुली. खोली एक्केचाळीस, पडदा हलतो ती आजी आहे, पुढे आली नाही. आमच्या खोलीला लिहिलं होतं: ट्रंकेशी भांडण.

हिने स्वतः घेतलेले व्हिडिओ, आणि यातलं निम्मं तिलाही माहीत नव्हतं. एकोणिसातलं बाळंतपण कुणाचं, हे तिने काकांना विचारलं. काकांनी सांगितलं. तेव्हा जन्मला तो गटातलाच निघाला, कॅरमवाला.

खाली एक नाव राहिलं होतं. व्हीआयडी आणि आकडे. चौतीस नंबरची खोली यादीत कुठे दिसत नव्हती.

“काका, तुमची खोली राहिली,” ही म्हणाली.

“रवली गो एक,” काका म्हणाले. मागे अकराव्या मजल्यावरचा पंखा ऐकू येत होता. “त्यात ती माका वरडता. चाय गार झाली म्हणान. चारला जाताना तेवढा ऐकतंय नि बंद करतंय. तेका नाव काय घालू?”

ही त्या नावाकडेच बघत बसली. म्हणून मी बोललो, आणि मी असं करतो तेव्हा ते कधीच बरं नसतं. मी काकांना सुरक्षितता समजावली. बाहेर केवढी रांग लागलीय, चावी अशी सगळ्यांकडे ठेवणं किती धोक्याचं, अधिकार कसे मर्यादित असायला हवेत. सकाळी नऊपर्यंत मला यातलं काही कळत नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, तू बंद केलंस तां बरा केलंस, चोर खूप झाले. आपल्यापायी सगळ्यांच्या जिवाला घोर नको. आणि मग, काल चौपन्नाव्या खोलीच्या नावात एक वेलांटी चुकलीय ती तेवढी तू सुधार, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मी वेलांटी सुधारली. मग मुलीच्या देखरेखीखाली, या वेळी क्रमाने, सगळं बांधून काढलं. बाहेरचा रस्ता बंद, जुनी चावी रद्द, पासवर्डची सोय बंद. तिसऱ्या प्रतीसाठी वेगळी डिस्क मागवली. नवी चावी केली, तिला परवलीचं वाक्य लावलं, दुसऱ्या खिडकीतून तपासून मगच पहिली बंद केली. चार वाजता चहा आला तेव्हा मी हिला अहवाल दिला. आता चावी एकच, म्हणालो, आणि ती फक्त माझ्याकडे. मुलीलासुद्धा आत यायचं तर मला विचारावं लागेल. तुला रविवारी व्हिडिओ लागतील तेव्हा नेहमीसारखं मी लावून देईन. यापुढे डब्यात मला विचारल्याशिवाय कुणीही शिरणार नाही.

ती लॅपटॉपसमोरच बसली होती, चौतीस नंबरच्या खोलीवर. काकींचा आवाज बारीक करून ठेवला होता. तिने चहाचा कप खाली ठेवला.

“काकांना बघण्यापुरती चावी करून द्या, उद्या दोनच्या आत,” ती म्हणाली. “मला सगळी द्या. आणि तुम्हाला काही लागलं, तर मला विचारत जा.”